तपासून राहिली

मशीननं मले पहिल्याच दिवशी विचारलं, "नमस्कार, कृपया आपले नाव सांगा." मी म्हटलं, "तुले कायले पाहिजे?" त्यानं तेच नाव म्हणून लिहून घेतलं. मंग काय, दोन दिवस त्या मशीनमध्ये माहं नाव 'तुले कायले पाहिजे' असंच होतं, अन् तपासणीतल्या पोट्ट्या मले पाहून तोंडाले ओढणी लावून हासत होत्या.

माहं खरं नाव जयवंता. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत रबराचे सील बनवायची कंपनी आहे, तिथं मी तपासणीच्या टेबलावर बसते. सील म्हणजे काय, त चारचाकी गाडीच्या ब्रेकमध्ये रबराची एक लहानशी रिंग राहते, पायातल्या जोडव्याएवढी. तिच्यात चीर असली, नाही त हवेचा फुगा असला, की ब्रेकचं तेल गळते अन् गाडी थांबत नाही. म्हणून एक एक रिंग दिव्याखाली धरून, बोटानं दाबून पाहा लागते. माहं लग्न झालं त्याच्यानंतर दोन-चार वर्षांत मी या टेबलावर बसली, अन् आजपर्यंत माह्या हातून गेलेली एक रिंग वापस आली नाही. हे मी मिजाशीनं सांगते. मिजास करावी असं माह्यापाशी हे एकच आहे, त करू द्या.

आधी कसं होतं, दिवसभर रिंगा पाहायच्या, अन् संध्याकाळी ऑफिसात जाऊन तोंडी सांगायचं, इतके चांगले, इतके खराब. तिथला कम्प्युटरवाला ते इंग्रजीत लिहून जर्मनीच्या कंपनीले पाठवत होता. आमचा सगळा माल तिकडेच जाते. मंग एक दिवस आमचे श्रीधर साहेब टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यायच्या हातात पाटीसारखं काळं मशीन होतं.

"आता नोंद तुम्हीच करायची," साहेब म्हणाले. "यात मराठीत बोलायचं, ते स्वतः इंग्रजी करून थेट जर्मनीला पाठवतं. व्हिएतनामच्या कारखान्यात हे सुरूसुद्धा झालंय. आपण मागे पडलो तर काम तिकडे जाईल. दिवाळीपर्यंत ज्यांना जमेल ते तपासणीत राहतील. बाकीच्यांना पॅकिंगमध्ये घेऊ. पगार तोच."

पगार तोच, म्हणे! पॅकिंगमध्ये बाई डब्बा पाहते, रिंग पाहत नाही. मले रिंग पाहता येते. डब्बे त कोणीही चिकटवन.

माह्या बाजूले इंदूबाई बसत होती, माह्यासोबतच लागलेली. तिनं दुसऱ्याच दिवशी हात टेकले. "जयवंते, मले नाही जमत वं त्या फळकुटाशी बोलणं," म्हणाली अन् आपला डब्बा, पाण्याची बाटली उचलून पॅकिंगमध्ये चालली गेली. तिची खुर्ची रिकामी पाहून मी माही खुर्ची टेबलाले आणखीन चिकटवली. मी ठरवलं, मले इथून उठायचं नाही. मशीनच्या बापालेही शिकून घेईन.

शिकवायले पुण्याहून एक पोरगी आली होती, अस्मिता. मशीनवाल्या कंपनीची. वय माह्या पोरीएवढं, बोलणं गोड, पण सगळं पुस्तकातलं. पहिल्याच दिवशी मले म्हणाली, "काकू, असं धरा."

"काकू काहून म्हणते वं? मी काय तुह्या काकाची बायको आहो?"

ती बिचारी लालीलाल झाली. पण सुधारली नाही. काकूच म्हणत राहिली, अन् मीही मंग ऐकून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत मी तिले माह्या डब्ब्यातली सांबारवडी दिली. खाता खाता विचारते, "मस्त आहे काकू, पण सांबार कुठे आहे?"

"हे काय आतमधी, हिरवं हिरवं."

"ही तर कोथिंबीर!"

"तुमच्याकडे कोथिंबीर, आमच्याकडे सांबार. खा मुकाट्यानं."

आम्ही दोघी हासलो. तवा आम्हाले काय माहीत, पुढं काय वाढून ठेवलं आहे ते.

तिनं एक गोष्ट मले पक्की सांगितली होती. "काकू, शेवटी एकदम सांगू नका. जसं काम करता तसं बोलत जा. मशीन ऐकत असतं." माह्या डोक्यात ते बसलं. मशीनमधलं तेच तिनं माह्या मोबाईलमध्येही टाकून दिलं होतं, अन् घरी मी पोळ्या लाटता लाटता मोबाईलशी बोलायची सवय करत होती. बरोबर ऐकू आलं की हिरवं निशाण येते, नाही त लाल. आमचे रुपराव (नाव घेते मी नवऱ्याचं, कोणाले जे वाटायचं ते वाटो) शाळेची व्हॅन चालवून घरी येत, अन् दारातूनच विचारत, "कोणाशी बोलून राहिली वं?"

"मोबाईलशी."

"मंग माह्याशी कवा बोलशीन?"

"तुम्हाले समजलं का नाही ते कसं कळन? तुमच्यावर कुठी हिरवं निशाण येते?"

आठ-दहा दिवसांत मले जमलं. खरंच जमलं. रिंग दिव्याखाली, मशीन समोर, अन् तोंड चालू: "चौथा लॉट तपासून राहिली. चीर दिसून नाही राहिली. सगळे चांगले निघून राहिले." मशीनवर वरती माहं मराठी जसंच्या तसं उमटत होतं, काना-मात्रेसकट, अन् बाजूले हिरवं निशाण. खाली इंग्रजीची ओळ येत होती. ती मले वाचता येत नव्हती, पण हिरवं निशाण आहे म्हटल्यावर कायले वाचा लागते? आमच्या टेबलावरची वैभवी पॉलिटेक्निक शिकलेली, ती सगळं आटोपल्यावर शाळेत कविता म्हटल्यासारखी एकदाच बोलायची, "तपासणी पूर्ण झाली." मी तिले म्हटलंही, "पोरी, शेवटी नाही, करता करता बोलायचं असते. मले पाह्य." मोठी शहाणी मी!

अस्मिता त्या आठवड्यात बुटीबोरीच्या दुसऱ्या एका कारखान्यात गेली होती. जाताना माही पाठ थोपटून गेली.

अन् मंग साहेबांनी मले केबिनमध्ये बोलावलं. अस्मिता तिथं आधीच बसली होती. तिचा चेहरा पाहूनच मले समजलं, काहीतरी बिनसलं. साहेबांनी लॅपटॉप माह्याकडे फिरवला, जसं काही मले वाचताच येते.

"जयवंताबाई, जर्मनीहून मेल आली आहे. माल बंदरावर अडवून ठेवलाय. तुमच्या नोंदीत लिहिलंय की चौथ्या लॉटची तपासणी राहिली."

"हो."

"पाचव्याचीही राहिली."

"हो ना साहेब. पाचवाही."

"म्हणजे तुम्हाला कबूल आहे?"

"कबूल काय? मी का लपवून राहिली होती? सगळ्यायच्या समोर तपासून राहिली होती!"

साहेबांचा आवाज चढला. "अहो, तपासणी राहिली आणि तुम्ही माल पुढे पाठवला? ते लिहितात, नागपूरवाले न तपासता माल पाठवतात. आपलं नाव गेलं ना! मी तुम्हाला सगळ्यात भरवशाचं समजत होतो."

माहे कान तापले. न तपासता? मी? डोळ्यात पाणी आलं, अन् पाणी आलं याचा आणखीन राग आला. "साहेब," मी म्हटलं, "माह्या हातून एक रिंग न पाहता गेली असन त दाखवा. आत्ताच्या आत्ता दाखवा!"

"मी काय दाखवू? तुमच्याच तोंडचे शब्द आहेत. सोमवारपासून तुम्ही पॅकिंगमध्ये जा. माझा नाइलाज आहे."

मी उभीच राहिली. अस्मिता मशीनवर माह्या जुन्या नोंदी वरखाली करून पाहत होती, अन् तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती, "मराठी तर बरोबर उमटलंय... राहिली, राहिली... काकू, राहिली म्हणजे बाकी आहे ना?"

"बाकी कशी? राहिली म्हणजे चालू आहे!"

"चालू कसं? राहिली म्हणजे राहिली!"

तेवढ्यात साहेबांचा मोबाईल वाजला. त्यायच्या आईचा होता. ऑफिसात साहेब एकदम छापील बोलतात, पण आई म्हटल्यावर माणूस माणसासारखा बोलते. "हाव आई," साहेब म्हणाले, "येऊन राहिलो. काहून, गोळ्या संपल्या का? आणतो, आणतो."

अस्मितानं मान वर केली. "सर, तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"काही नाही, आईला सांगितलं, येतोय म्हणून."

"येतोय नाही म्हणालात. शब्द काय वापरलात?"

साहेबांनी मोबाईल टेबलावर ठेवला. मंग हळूच म्हणाले, "येऊन राहिलो."

अस्मितानं मशीन त्यायच्या तोंडापुढं धरलं. "यात बोला. घरी येऊन राहिलो."

साहेब बोलले. मशीननं हिरवं निशाण दिलं अन् खाली इंग्रजी ओळ टाकली. अस्मितानं ती वाचली, मंग आम्हाले मराठीत सांगितली: "मी घरी आलो आणि तिथेच राहिलो."

साहेब खुर्चीत मागं टेकले अन् हासायले लागले. "अरे बाप्पा! म्हणजे आपण सगळे नागपूरवाले दिवसभर काम करून राहिलो, आणि हे सांगून राहिलं की काम राहिलं!"

मी नाही हासली. मले हासू कसं येईन? "साहेब," मी म्हटलं, "तुम्ही नागपूरचे. मले इतकी वर्षं पाहून राहिले. तरी तुम्ही मशीनचं खरं धरलं अन् माहं खोटं."

साहेबांचं हासू गेलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. त्यायनं हात जोडले नाही काही, पण नजर खाली केली. तेवढं मले पुरलं.

पण जर्मनीवाल्यायले कसं पुरन? त्यायले 'राहिली' म्हणजे काय हे समजावून सांगायचं, म्हणजे म्हशीपुढं बसून तिले नाव विचारण्यासारखं. साहेबांनी सगळं लिहून पाठवलं. त्यायनं उत्तर दिलं, की ठीक आहे, पण आम्ही त्या बाईला व्हिडिओवर काम करताना पाहू. नोंद बरोबर आली तर पुढचं बोलू. नाही आली तर तपासणीच आम्ही दुसरीकडे करून घेऊ. म्हणजे आता प्रश्न माह्या एकटीच्या खुर्चीचा नव्हता. सगळं टेबल माह्या जिभेवर आलं होतं.

"काकू, तोपर्यंत तुम्ही 'तपासत आहे' असं म्हणा," अस्मिता म्हणाली.

"काहून? माही भाषा खराब आहे का वं?"

"नाही हो. मशीनला पुण्या-मुंबईच्या लोकांचंच बोलणं ऐकवलंय. तुमच्यासारखं बोलणारं माणूस त्यानं कधी ऐकलंच नाही."

"मंग ऐकव ना त्याले!"

"ऐकवते. पण त्याला खूप वाक्यं लागतात, खूप आवाज लागतात. वेळ जाईल. तोवर तुम्हाला शिकावं लागेल."

मी तिच्याकडे पाहिलं. पोरगी खोटं बोलून नव्हती राहिली. "ठीक आहे," मी म्हटलं. "मी शिकते. पण त्याले शिकवलं नाही, त मी तुले पुण्याले जाऊ नाही देणार."

मंग रोज जेवणाच्या सुट्टीत आमची शाळा भरायले लागली. मी पॅकिंगमधून इंदूबाईले ओढून आणलं. ती मशीनसमोर बसली, त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं अन् म्हणाली, "हे फळकूट आयकून राहिलं का नुसतं पाहून राहिलं?" अस्मितानं टाळी वाजवली. "वा काकू! हेच पाहिजे!" इंदूबाईले वाटलं पोरगी चेष्टा करते. पण मंग तिले असा काही रंग चढला, की बाई घरचं, दारचं, सासूचं, नवऱ्याचं सगळं सांगून राहिली अन् मशीन लिहून राहिलं. तिच्या मागून पॅकिंगच्या बाया आल्या, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर आला. दोन दिवस त साहेबही बसले.

अन् मी? मी 'तपासत आहे' शिकत होती. सांगते, लय जड गेलं. दुसऱ्याची चप्पल घालून चालल्यासारखं होत होतं, पायात येते पण आपली वाटत नाही. रिंगेकडे लक्ष दिलं की जीभ घसरायची, जिभेकडे लक्ष दिलं की रिंग सुटायची. एक दिवस मी चिडून मशीन उपडं घातलं अन् बाथरूममध्ये जाऊन रडून आली. तोंड धुतलं, वापस येऊन बसली.

त्या दिवशी मी अस्मिताले म्हटलं, "मले खालची ओळ वाचायले शिकव."

"त्याची गरज नाही काकू. तुम्ही बरोबर बोललात की इंग्रजी बरोबरच येईल."

"हिरवं निशाण पाहून मागच्या वेळी मले तसंच वाटलं होतं. ज्याच्याखाली माहं नाव जाते ते मले समजलं पाहिजे. बस."

दहावी नापास आहो मी. इंग्रजीतच गेली होती. पण सगळं इंग्रजी कोणाले पाहिजे होतं? माह्या कामाचे शब्द पाहिजे होते. चेक्ड, ओके, क्रॅक, बबल, रिजेक्ट. अन् तो एक मेला 'रिमेन', म्हणजे बाकी राहिलं. मी पोळपाटावरच्या पिठात बोटानं लिहून पाहत होती. रुपराव म्हणाले, "आज पोळ्या इंग्रजीत होऊन राहिल्या वाटते." मी म्हटलं, "खायच्या असन त गप बसा." दुसऱ्या दिवशी त्यायनं व्हॅनमधल्या एका पोराचं एबीसीडीचं जुनं पुस्तक मागून आणलं अन् काही न बोलता ओट्यावर ठेवलं. असा आहे माणूस.

व्हिडिओच्या दिवशी टेबलासमोर मोठा पडदा लावला. पडद्यावर जर्मनीचे दोन साहेब, एक बाई. माह्या मागं श्रीधर साहेब, अस्मिता, वैभवी, दारात इंदूबाई. मी पहिली रिंग उचलली. "सातवा लॉट तपासत आहे. चीर नाही." खाली ओळ आली, मी वाचली. बरोबर. दुसरी, तिसरी, चौथी. जीभ सांभाळून, एक एक शब्द निवडून. मंग एक रिंग हातात आली, अन् बोटाले काहीतरी लागलं. दिव्याखाली धरली. आतल्या कडेले मोहरीपेक्षा बारीक फुगा. इतक्या दिवसांत असा फुगा सापडला नव्हता. मी भानच विसरली अन् ओरडली, "फुगा दिसून राहिला!"

मागं कोणीतरी श्वास ओढला. मशीननं हिरवं निशाण दिलं. वरती मराठी, बरोबर. खाली इंग्रजी. मी पाहिलं. बबल होतं. अन् त्याच्या बाजूले तोच, माह्या ओळखीचा, आर-ई-एम वाला. म्हणजे जर्मनीले काय समजलं असतं? की जयवंतानं फुगा पाहिला अन् तसाच राहू दिला.

अस्मितानं हात पुढं केला. मी तिचा हात बाजूले सारला. मी स्वतःच ती ओळ पुसली. रिंग लाल डब्ब्यात टाकली. अन् मंग, घाई न करता, मशीनले सांगितलं, "हवेचा फुगा सापडला. रिंग बाद केली." खाली बबल आलं. रिजेक्ट आलं. तो मेला नाही आला. मंग मी पाठवायचं बटन दाबलं.

पडद्यावरची बाई काहीतरी बोलली. अस्मितानं माह्या कानात सांगितलं, "काकू, ती म्हणतेय, यांनी पुसून पुन्हा लिहिलं, म्हणजे यांना वाचता येतं."

"सांग तिले," मी म्हटलं, "थोडं थोडं."

माल सुटला. टेबल राहिलं, माही खुर्ची राहिली. दिवाळीच्या आधी मशीनले ते नवीन शिकवलेलं टाकलं, अन् अस्मिताचा जायचा दिवस आला. इंदूबाई परत माह्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसली होती. म्हणते, "ते फळकूट आता माहं आयकते." अस्मितानं मशीन माह्यासमोर ठेवलं. "काकू, आता तुमच्या मनासारखं बोला. त्याला जिथे शंका येईल तिथे ते दोन अर्थ दाखवून तुम्हाला विचारेल."

मले काय बोलावं सुचेना. समोर रिंगा होत्या, पण रिंगांचं नाही बोलावंसं वाटलं. मी म्हटलं, "जयवंता शिकून राहिली."

मशीन थांबलं. वरती माहं मराठी उमटलं. खाली दोन ओळी आल्या, बाजूले दोन चौकोन. एवढं इंग्रजी मले अजून येत नव्हतं. "वाच वं," मी म्हटलं.

अस्मितानं वाचलं. "पहिलं म्हणतं, जयवंता शिकत आहे. दुसरं म्हणतं, जयवंता शिकली, म्हणून ती इथे राहिली." ती माह्याकडे पाहून हासली, पण तिचे डोळे भरून आले होते. "यातलं कुठलं बरोबर, काकू? एकच दाबता येतं."

मी काही तिच्यासमोर रडणारी नाही.

"पहिलं दाबते," मी म्हटलं. "ते चालू असलं की दुसरं होतेच."

मी पहिला चौकोन दाबला, अन् पुढचा लॉट समोर ओढला.